शेवटच्या बिलानंतरची नोकरी

मुंबई मेट्रो-३ची भुयारे खणायला १७ टीबीएम (बोगदे खणणारी यंत्रे) लागली आणि त्यांनी ४२ ब्रेकथ्रू केले. ३३.५ किलोमीटरची ही मार्गिका ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण सुरू झाली. त्याच वर्षी जूनमध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला होता, तर अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये. दोन वर्षांच्या आत तीन अवाढव्य कामे हातावेगळी झाली. त्यांच्यावर घडलेल्या प्लॅनिंग इंजिनिअर, बिलिंग इंजिनिअर आणि पॅकेज मॅनेजरांचे पुढे काय, याची चर्चा मात्र कुठेच होत नाही.

कामांची वानवा नाही. बुलेट ट्रेनचा वांद्रे-कुर्ला संकुल ते शिळफाटा हा २१ किलोमीटरचा बोगदा आहे. त्यातला सात किलोमीटरचा भाग ठाणे खाडीखालून जातो. ठाणे-बोरिवली जुळा बोगदा आहे, ७६ हजार कोटींहून अधिक खर्चाचे वाढवण बंदर आहे. मुंबईच्या भुयारांत उमेदवारी केलेल्याला यातले कोणतेही दार बंद नसावे. अडचण दाराशी पोचल्यावर येते. दहा वर्षांत नेमके काय केले, हे सांगायला हातात कागद नसतो.

आपल्या क्षेत्रात आज खरी मागणी आहे ती उशिराचा हिशेब मांडता येणाऱ्या माणसाला. जमीन वेळेत ताब्यात आली नाही, गॅसची वाहिनी मध्ये आली, वनखात्याची परवानगी अडली, ही कारणे साइटवरच्या प्रत्येकाला तोंडपाठ असतात. पण फिडिक या आंतरराष्ट्रीय नमुना कराराच्या धर्तीवरच्या करारात अशी अडचण लक्षात आल्यापासून २८ दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते, नाहीतर मुदतवाढीचा हक्कच धोक्यात येतो. क्रिटिकल पाथवर त्या दिवशी कोणते काम होते, हे प्रिमाव्हेरा या वेळापत्रकाच्या सॉफ्टवेअरमधल्या त्या महिन्याच्या अपडेटमधूनच दाखवता येते. जून २०२४ मध्ये केंद्रीय अर्थ मंत्रालयाने सरकारी खरेदीच्या करारांतील लवादाचा मार्ग साधारणपणे दहा कोटींपेक्षा कमी रकमेच्या वादांपुरता ठेवण्याच्या सूचना दिल्या. मोठे वाद आता समझोत्याने किंवा कोर्टात सुटणार. दोन्हीकडे रोजचा अहवाल, साइटचे फोटो आणि नोटिशीची पोच एवढेच बोलते. हे काम करणारे इंजिनिअर मिळत नाहीत, ही कंत्राटदारांची तक्रार खरी आहे. त्यांना घडवायला कंपन्या फारसा खर्च करत नाहीत, हेही तितकेच खरे.

मुंबईबाहेरही वाव आहे. रेरा कायद्यानुसार ग्राहकांकडून आलेल्या रकमेतले ७० टक्के बिल्डरला वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात आणि ते काढताना इंजिनिअर, आर्किटेक्ट व सीए या तिघांचे दाखले लागतात. ताबा लांबला तर ग्राहकाला व्याज द्यावे लागते. नाशिक-कोल्हापूरच्या मध्यम बिल्डरलाही त्यामुळे वेळापत्रक सांभाळणारा माणूस हवा आहे.

अनुभव कागदावर आणण्याचा एक मार्ग म्हणजे पीएमपी हे प्रकल्प व्यवस्थापनाचे प्रमाणपत्र; त्याबद्दल दोन शब्द. पदवीधराला त्यासाठी प्रकल्प हाताळण्याचा ३६ महिन्यांचा अनुभव लागतो. पदवी नसेल तर ६० महिन्यांचा. म्हणजे डिप्लोमा झालेल्यालाही ही परीक्षा देता येते. महाराष्ट्रातल्या कितीतरी साइट डिप्लोमावालेच चालवतात आणि पन्नाशीतही सुपरवायझर म्हणूनच ओळखले जातात. त्यांना ही वाट कुणीतरी दाखवली पाहिजे. अर्ज तपासणीसाठी निवडला गेला, तर त्या-त्या कामावरच्या वरिष्ठांची सही मागितली जाते. पॅकेज बंद होऊन टीम पांगल्यावर ती सही मिळवणे किती जिकिरीचे असते, हे अनेक वाचकांना ठाऊक आहे.

म्हणून कंपन्यांकडे एक स्पष्ट मागणी. कामावरून माणूस मोकळा करताना ‘वर्तणूक समाधानकारक’ अशा दोन ओळींवर त्याची बोळवण करू नका. पॅकेज कोणते, किंमत किती, कोणत्या कालावधीत कोणती जबाबदारी पेलली, एवढे लिहून प्रोजेक्ट मॅनेजरच्या सहीने द्या. ॲज-बिल्ट ड्रॉइंग सोपवण्याच्या यादीतच हा कागद घाला.