घेण्याचे माप आणि देण्याचे माप

पाश्चिमात्य लोकशाही राष्ट्रे आणि मुस्लिम जगत यांच्या संबंधांची चर्चा निघाली, की ती एका ठरावीक प्रश्नाभोवती घोटाळू लागते: इस्लामचा आणि लोकशाहीचा मेळ बसेल काय? हा प्रश्न गैर नाही; पण तो अपुरा आहे. मुस्लिम समाज लोकशाहीच्या दाराशी येऊन उभा राहिला, तेव्हा पाश्चिमात्य लोकशाही त्याच्याशी कशी वागली, हाही प्रश्न तितकाच महत्त्वाचा असून तो सहसा विचारला जात नाही. तो विचारायचा तर अल्जीरियाचा इतिहास चाळावा लागेल. समता आणि बंधुता ही ब्रीदे मिरविणाऱ्या फ्रान्सचा या मुस्लिम देशाशी १८३० पासून संबंध आहे.

१८४८ मध्ये अल्जीरिया हा फ्रान्सचाच भाग असल्याचे घोषित झाले. भूमी फ्रान्सची झाली, माणसे मात्र झाली नाहीत. १८६५ च्या कायद्याने मुसलमान रहिवासी फ्रान्सचे प्रजाजन ठरले; पूर्ण नागरिकत्व हवे असेल, तर त्यांनी आपल्या धर्माचा वैयक्तिक कायदा सोडावा, अशी अट होती. हा कायदा तिसऱ्या नेपोलियनच्या राजवटीतला. परंतु १८७० मध्ये बादशाही जाऊन प्रजासत्ताक आले, तरी ही अट कायम राहिली. त्याच वर्षी अल्जीरियातील बहुतेक ज्यूंना सरसकट नागरिकत्व मिळाले. मुसलमानांना मिळाले नाही. पुढच्या कित्येक दशकांत ही अट मान्य करणारे मुसलमान काही हजारांच्या पलीकडे गेले नाहीत.

१९०५ मध्ये फ्रान्सने धर्मसंस्था आणि शासनसंस्था यांची फारकत केली. फ्रेंच लोकशाहीला या कायद्याचा आजही अभिमान वाटतो. अल्जीरियातील मशिदींवरचा आणि इमामांवरचा सरकारी अंमल मात्र सुटला नाही. शेवटी १९३१ मध्ये स्थापन झालेल्या उलेमांच्या संघटनेने, शेख अब्दुल हमीद बेन बादीस यांच्या या अनुयायांनी, हाच कायदा इस्लामलाही लागू करा, अशी मागणी केली. धर्मपंडितांनी फारकत मागावी आणि निधर्मी सरकारने ती नाकारावी, असा हा विलक्षण प्रकार होता. १९४७ मध्ये अल्जीरियासाठी १२० जागांची विधानसभा निर्माण करण्यात आली. तिच्यातील निम्म्या जागा सुमारे १० लाख युरोपीयांच्या मतदारसंघाला आणि निम्म्या त्यांच्या सुमारे आठपट असलेल्या मुसलमानांना देण्यात आल्या. एवढ्यानेही भागले नाही, म्हणून १९४८ च्या निवडणुकीत विरोधी उमेदवारांची धरपकड झाली आणि मतदानात राजरोस गैरप्रकार झाले. मतपेटीचा मार्ग असा बंद झाल्यावर १९५४ मध्ये बंदुकीचा मार्ग खुला झाला, यात आश्चर्य ते काय?

१९६२ मध्ये देश स्वतंत्र झाला, पण एकपक्षीय राजवटीच्या आणि लष्कराच्या हाती गेला. याचे खापर मात्र केवळ फ्रान्सवर फोडता येणार नाही. १९८८ च्या दंगलींनंतर १९८९ मध्ये बहुपक्षीय राज्यघटना आली, आणि २६ डिसेंबर १९९१ रोजी संसदेच्या निवडणुकीची पहिली फेरी झाली. तीत ‘फिस’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या इस्लामी पक्षाने ४३० पैकी १८८ जागा जिंकल्या. दुसरी फेरी झालीच नाही. जानेवारी १९९२ मध्ये लष्कराने अध्यक्षांना राजीनामा द्यावयास लावला, निवडणूक रद्द झाली आणि मार्चमध्ये ‘फिस’वर बंदी आली.

लष्कराच्या या कृतीचे समर्थन करणाऱ्यांचे म्हणणे उडवून लावण्यासारखे नाही. ‘फिस’चे एक प्रमुख नेते अली बेलहाज यांनी लोकशाहीचा जाहीर धिक्कार केला होता. एकदा निवडून आलेला पक्ष पुन्हा निवडणूक घेईल काय, ही शंका अनेक अल्जीरियन स्त्रियांना, लेखकांना आणि शिक्षकांनाही भेडसावत होती. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याचे एडवर्ड जेरेजियन यांनी जून १९९२ मध्ये हीच भीती नेमकी मांडली: प्रत्येकाला एक मत, पण एकदाच, अशी लोकशाही आपल्याला नको. परंतु दुसरीही बाजू पाहिली पाहिजे. नोंदलेल्या मतदारांपैकी जेमतेम चौथाईंनी ‘फिस’ला मत दिले होते; १९९० च्या स्थानिक निवडणुकांच्या मानाने त्याची मते सुमारे १० लाखांनी घटली होती. म्हणजे लोकशाहीचे औषध लागू पडू लागले होते. वैद्यांनाच धीर धरवला नाही.

पुढे जे घडले ते भयंकर होते. सशस्त्र इस्लामी टोळ्यांनी पत्रकारांचे खून पाडले, १९९७ मध्ये गावेच्या गावे कापून काढली. लष्करी राजवटीने हजारो माणसे नाहीशी केली. या यादवीत १ लाखाहून अधिक माणसे मेली. अध्यक्ष मित्तराँ यांनी निवडणूक थांबविण्यावर प्रारंभी टीका केली खरी. पण १९९४ मध्ये याच राजवटीला आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे कर्ज आणि जुन्या कर्जफेडीला मुदतवाढ मिळाली. जानेवारी १९९५ मध्ये रोम येथे ‘फिस’सह प्रमुख विरोधी पक्षांनी सत्तेसाठी हिंसा वर्ज्य मानणारा आणि मतपेटीने होणारा सत्ताबदल मान्य करणारा मसुदा स्वीकारला. अल्जीरियाच्या सरकारने तो फेटाळला. त्यामुळे त्याची मदत थांबली नाही. १९९६ मध्ये स्पेनकडे जाणारी नवी वायुवाहिनी सुरू झाली, ती यादवी चालू असतानाच.

या इतिहासावरून पाश्चिमात्यांची लोकशाही म्हणजे निव्वळ ढोंग होय, असा निष्कर्ष काढणे सोपे आहे. पण तो चुकीचा ठरेल. जी मूल्ये पॅरिसमध्ये खरी आहेत, त्यांच्याच आधारे अल्जीरियन माणसाने फ्रान्सला जाब विचारला. दोष त्या मूल्यांचा नाही, घेण्याचे माप एक आणि देण्याचे माप दुसरे ठेवण्याचा आहे. जिंकणाऱ्याने पुढच्या खेपेस हरण्याची तयारी ठेवली पाहिजे, हा दंडक इस्लामी पक्षांना लावणे रास्तच आहे. पण मग तो सेनापतींनाही लागला पाहिजे, आणि त्यांच्याकडून वायू विकत घेणाऱ्यांनाही.

फेब्रुवारी २०१९ मध्ये, वीस वर्षे सत्तेवर असलेले अध्यक्ष बुतेफ्लिका पाचव्यांदा उभे राहणार, असे जाहीर होताच लाखो अल्जीरियन रस्त्यावर उतरले. दर शुक्रवारी नमाजानंतर निघणारे त्यांचे मोर्चे शांततेचे होते, आणि त्यांत स्त्रियाही मोठ्या संख्येने होत्या. २ एप्रिल रोजी बुतेफ्लिका यांना पायउतार व्हावे लागले. पण राजवट पालटली नाही आणि पुढे आंदोलनातील अनेकजण तुरुंगात गेले. २०२२ मध्ये युक्रेन युद्धामुळे वायूची टंचाई भासू लागताच इटलीच्या पंतप्रधानांनी वायूच्या करारासाठी अल्जीअर्स गाठले. इस्लाम आणि लोकशाही यांचा मेळ बसेल काय, या प्रश्नाचे उत्तर शुक्रवारच्या त्या मोर्चांनी आपल्यापुरते दिले आहे. उत्तर यायचे आहे ते दुसऱ्या बाजूकडून.