रापणीचा न्याय

आज नारळी पौर्णिमा. मालवणच्या बंदरापासून तोंडवली-तळाशीलच्या पुळणीपर्यंत आज दर्याला श्रीफळ अर्पण होईल. या विधीचा अर्थ साधा आहे. ज्याच्याकडून वर्षभर घ्यावयाचे, त्याचे ऋण घेण्यापूर्वीच मान्य करावयाचे. गृहस्थाला लागू असलेला हा नियम धनवान व्यापारी मंडळ्यांना, म्हणजे आजच्या कंपन्यांना, लागू होतो की नाही, याचा विचार या पर्वणीला करणे अप्रस्तुत ठरू नये.

कंपनी ही कल्पना परकीय, असे आपण समजतो. परंतु आपली रापण म्हणजे तरी दुसरे काय? जाळे, होडी आणि श्रम एकत्र येतात, अनेक हात दोर ओढतात आणि मिळालेल्या मासळीचे ठरल्याप्रमाणे वाटे पडतात. हिशेब पुळणीवर, सर्वांच्या देखत होतो. म्हणून त्यावर विश्वास बसतो.

आता राजाज्ञा काय म्हणते ते पाहू. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या १३५ व्या कलमान्वये, १ एप्रिल २०१४ पासून, मोठ्या कंपन्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान दोन टक्के रक्कम समाजकार्यास द्यावी आणि ती देताना आपल्या परिसरास अग्रक्रम द्यावा, असे ठरले. तरतूद स्तुत्य खरी. मात्र हे बंधन पाचशे कोटींची निव्वळ मालमत्ता, हजार कोटींची उलाढाल किंवा पाच कोटींचा नफा असलेल्यांनाच आहे. आपल्या किनाऱ्यावरील बहुतेक निवासगृहे व लहान उद्योग त्याच्या कक्षेबाहेरच राहतात. शिवाय दोन टक्के कोठे गेले हे कायदा विचारतो. उरलेले अठ्ठ्याण्णव कोणत्या मार्गाने आले, हे गावालाच विचारावे लागते. विहीर बिघडवून मिळविलेल्या पैशातून पाणपोई घालणे, यास दान म्हणता येत नाही.

या बाबतीत महाराष्ट्राचा इतिहास बोलका आहे. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानातील कुंडलच्या ओसाड माळावर कारखाना उभारला आणि त्याच्याबरोबर कामगारांची वसाहतही वसविली. माळ सुधारला, तसे तेथील माणसांचे जीवनही सुधारले. टाटांच्या पोलाद कारखान्याने १९१२ साली आठ तासांचा दिवस मान्य केला, तेव्हा तशी सक्ती करणारा कायदा आपल्या देशात नव्हता. त्याच घराण्याच्या वीज कंपनीने मात्र मुळशीचे धरण बांधताना मावळ्यांची संमती घेतली नाही. १९२१ साली सत्याग्रह उभा राहिला आणि पुढे सेनापती बापटांनी त्याचे नेतृत्व केले. धरण झाले, मुंबईला वीज मिळाली, गावे पाण्याखाली गेली. एकाच घराण्याच्या हातून दोन्ही घडावे, यातील बोध स्पष्ट आहे. नावलौकिक मोठा असला, तरी प्रत्येक गावात संमती नव्याने मागावी लागते.

तोंडवलीला हा प्रश्न पुस्तकी नाही. तोंडवली-वायंगणी परिसरात योजलेल्या सी-वर्ल्ड प्रकल्पासाठी प्रथम सुमारे १३९० एकर जमिनीचा विचार झाला. ग्रामस्थांनी विरोध केला आणि पुढे ३५० एकरांची भाषा आली. गावाने तोंड उघडले नसते, तर हा आकडा आपोआप उतरला असता काय?

तळाशीलची भूमी एका बाजूस समुद्र व दुसऱ्या बाजूस खाडी अशी चिंचोळी आहे. अशा वाळूत गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर पातळ थरासारखे तरंगत असते. बेसुमार उपसा झाला की खालचे खारे पाणी वर चढते आणि मग शेजाऱ्याची विहीरही बाटते. म्हणून येथे येणाऱ्या उद्योगाने चार गोष्टी आधी सांगाव्यात: पाणी किती उपसणार, सांडपाणी कोठे सोडणार, पुळणीकडे जाणारी वाट रापणकरांना मोकळी ठेवणार काय, आणि गावच्या मुलांना कामावर घेणार ते पावसाळ्यातही ठेवणार काय. उत्तरे ग्रामसभेत, लेखी द्यावीत.

आणि वाचकहो, थोडे आपल्याकडेही पाहू. सभामंडपाला देणगी मिळाली, उत्सवाची कमान कोणी उभारून दिली, की आपली जीभ जड होते. देवाच्या नावाने स्वीकारलेले द्रव्य गावाच्या मौनाचे मोल ठरू लागले, तर तो देवाचाही अपमान आहे. देणगी अवश्य घ्यावी. परंतु वरील चार प्रश्न विचारून झाल्यावर घ्यावी. ज्याचा व्यवहार स्वच्छ आहे, त्याला प्रश्नांचा राग येत नाही.

आज दर्याला नारळ वाहताना एवढा निश्चय करावा, की जो या किनाऱ्याकडून घेईल, त्याने आपला हिशेब याच पुळणीवर, सर्वांच्या देखत मांडावा.