निपाणीला उतरायचे की थेट जायचे? वेळ कळली तर ठरवता येईल

बेळगावहून कोल्हापूरला जायचे तर थेट गाडी धरायची की निपाणीला उतरून बदलायची? ११ जून २०२३ ला कर्नाटकात ‘शक्ती’ योजना सुरू झाली आणि महिला प्रवाशांसाठी हे गणितच पालटले. योजना राज्यांतर्गत प्रवासापुरती. त्यामुळे कर्नाटकातील रहिवासी महिलेला साध्या गाडीतून निपाणीपर्यंत शून्य रुपयाचे तिकीट. पलीकडे महाराष्ट्र एसटीत मार्च २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट, तेही महाराष्ट्राच्या हद्दीपुरतेच. दोन्ही नियम ठाऊक असलेली बाई टप्प्याने जाते. ज्यांना ठाऊक नाही त्या थेट गाडीत बसून कर्नाटकातल्या टप्प्याचेही पैसे मोजतात.

पण पैसे वाचवायचे तर निपाणीच्या स्टँडवर किती वेळ ताटकळावे लागेल, हे आधी कळायला हवे. नेमके तेच कळत नाही. महामंडळे दोन, वेळापत्रके दोन, आणि चौकशीला गेले की एकच उत्तर, “येईल आता.” गाड्यांवरचे फलक बहुतेक कन्नडमध्ये, वयस्कर मराठी माणूस कंडक्टरच्या हाकेकडे कान लावून उभा. फलकांच्या भाषेचे राजकारण होत राहील, गाडी मात्र रोज चुकते. रेल्वेचे बरे, मिरजेची गाडी कुठवर आली ते मोबाईलवर दिसते. म्हणून वळसा पडला तरी काहीजण स्टेशनच गाठतात.

फेब्रुवारी २०२५ मध्ये कंडक्टर मारहाणीवरून वाद चिघळला, दोन्ही राज्यांतील थेट गाड्या थांबल्या आणि मिळेल त्या गाडीने टप्प्याटप्प्याने जाण्याची पाळी आली. लंडनमध्ये फेब्रुवारी २०१४ च्या दोन दिवसांच्या मेट्रो संपात असेच झाले होते. अर्थशास्त्रज्ञांनी नंतर प्रवाशांच्या कार्डांच्या नोंदी तपासल्या, तर सुमारे ५ टक्के लोक संप मिटल्यावरही जुन्या मार्गावर परतले नव्हते. रोजच्या मार्गापेक्षा सोयीचा मार्ग त्यांना नाइलाजाने सापडला होता. मेट्रोचा प्रसिद्ध नकाशा खरी अंतरे दाखवत नाही, आणि जिथे तो जास्त फसवा तिथे मार्ग बदलणारेही जास्त.

आपल्याकडे नकाशा फसवायला मुळात आहेच कुठे? निपाणी स्टँडवर दोन्ही महामंडळांच्या गाड्यांच्या वेळा एकाच फलकावर, कन्नड आणि मराठीत लावल्या तरी पुष्कळ. त्याला ना ॲप लागते ना निविदा. वेळा दोघांकडेही आहेत, फक्त एकमेकांना द्यायच्या आहेत.