पेलाभर पाणी

दर दिवाळीला या पानावर घरातलीच एखादी गोष्ट सांगायची, असा माझा शिरस्ता आहे. यंदाची गोष्ट मात्र मारामारीची. घाबरू नका, मारामारी चित्रातली, आणि तीही जपानी!

आम्ही बोईसरचे. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी करून मी निवृत्त झालो. नातू नववीत आहे आणि त्याला मुष्टियुद्धाचा नाद लागला आहे. आठवड्यातून तीनदा तो लोकलने पालघरला शिकायला जातो. गेल्या वर्षी तिथेच दिवाळीच्या आधी शाळांच्या स्पर्धा व्हायच्या होत्या.

पहिला संशय आला तो आमच्या सौभाग्यवतींना. "अहो, घोलवडचे चिकू तसेच पडलेत. पोरगा हातसुद्धा लावत नाही!" दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यांनी बातमी आणली, की स्वारी ऑक्टोबरच्या भर उन्हात रेनकोट घालून धावते.

मी विचारले तेव्हा उत्तर तयार होते. "वजन उतरवतोय, आजोबा. खालच्या गटात गेलो की समोर माझ्याहून लहान चणीची मुलं येतात."

"आणि पाणी?"

"आजपासून घोटभरच. वजनाच्या आदल्या दिवशी तेही बंद."

मी खाशाबा जाधवांचा दाखला दिला. 1948 साली लंडनला ते फ्लायवेट गटात सहावे आले. 1952 साली हेलसिंकीला वरच्या बँटमवेट गटात उतरले आणि कांस्यपदक घेऊन आले. नातवाने ऐकून घेतले. आजोबांचे बोलणे नातवंडे ऐकून घेतात, एवढेच!

त्या रात्री तो मोबाइलवर एक मालिका पाहत होता. हल्लीची मुले तिला ॲनिमे म्हणतात. पण ही काही हल्लीची नव्हे. आमचे तारापूरचे अणुवीज केंद्र सुरू झाले 1969 साली, आणि 'आशिता नो जो', म्हणजे 'उद्याचा जो', जपानी दूरचित्रवाणीवर आली 1970 साली. मीही शेजारी जाऊन बसलो.

जो हा झोपडपट्टीतला अनाथ पोरगा. त्याचा प्रतिस्पर्धी रिकिइशी कितीतरी वरच्या वजनाचा. पण जोशी लढायचेच, म्हणून तो अन्नपाणी सोडून बँटमवेटपर्यंत खाली येतो. गाल बसतात, डोळे खोल जातात. एका रात्री तहानेने वेडा होऊन तो नळाकडे धावतो, तर सारे नळ तारेने बांधलेले! योको नावाची मुलगी त्याच्यासाठी पेलाभर पाणी आणते. तो तिचे आभार मानतो आणि पाणी ओतून देतो.

"याला म्हणतात जिद्द!" नातू म्हणाला. त्याचे ओठ सुकलेले होते. सौभाग्यवती काही बोलल्या नाहीत. त्यांनी पाण्याचा पेला आणून त्याच्यासमोर ठेवला आणि त्या आत गेल्या.

मग सामना सुरू झाला. काय सांगू, वाचकहो, मी साठी उलटलेला माणूस, पण मुठी आवळून बसलो! जोचा एक ठोसा रिकिइशीच्या कानशिलावर बसला. पडताना त्याचे डोके दोरावर आपटले. तरी तो उठला, लढला आणि जिंकला. नातवाने टाळी वाजवली. जो हात मिळवायला पुढे आला, रिकिइशीनेही हात पुढे केला, आणि हात हातात पडण्याआधीच तो कोसळला. पुन्हा उठला नाही.

नातू कितीतरी वेळ गप्प होता. "पण जिंकला होता ना?" तो शेवटी म्हणाला.

मूळ चित्रकथेत रिकिइशी मेला तेव्हा, 24 मार्च 1970 रोजी, टोकियोत प्रकाशकांच्या इमारतीत त्याचा अंत्यविधी करण्यात आला. चित्रातल्या माणसासाठी सुमारे सातशे खरी माणसे जमली होती. पण माझ्या डोळ्यांपुढे वेगळेच होते. 1997 साली अमेरिकेत सुमारे महिनाभरात कॉलेजातले तीन तरुण कुस्तीगीर वजन उतरवताना दगावले. घाम जिरू न देणारे कपडे घालून, पाणी तोडून ते व्यायाम करत होते. त्यानंतर तिथल्या महाविद्यालयीन कुस्तीत असल्या कपड्यांवर बंदी आली. हे मी नातवाला सांगितले. उपदेश मात्र केला नाही. पेला तसाच ठेवून तो झोपायला गेला.

पहाटे उठून पाहिले, तर पेला रिकामा होता आणि रेनकोट खुंटीवर होता.

तो आपल्याच गटात लढला आणि पहिल्याच फेरीत हरला. परतीच्या लोकलमध्ये त्याने बाटलीभर पाणी घटाघटा संपवले. उमरोळी मागे पडल्यावर हळूच म्हणाला, "आजोबा, घरी चिकू शिल्लक आहेत का?"

आमच्या घरी दिवाळी त्या वर्षी चार दिवस आधीच आली.