संपली, संपवली की बंद पाडली?

"अमुक मालिका लवकरच ऑफ एअर जाणार." मराठीतल्या मनोरंजनाच्या बातम्या वाचणाऱ्यांना हे वाक्य पाठ झाले असेल. मालिकेचे नाव बदलते, वाहिनी बदलते, वाक्य तेच राहते. आठवीतल्या पोरांना मी एकदा विचारले, "ऑफ एअर गेली म्हणजे काय झालं?" उत्तर आले, "सर, म्हणजे गेली." पुढे काही नाही. चूक पोरांची नाही. त्या शब्दात तेवढेच आहे.

मी उर्दू आणि मराठी या दोन्ही भाषा शिकवतो. परक्या शब्दाशी वैर धरणे मला परवडणारे नाही आणि तसे धरायचेही नाही. माझी तक्रार वेगळी आहे. हा शब्द मराठीला काही देत नाही, उलट तिच्याकडे असलेले काढून घेतो, आणि जे काढून घेतो ते साधे नाही.

मराठीत एखादी चालू गोष्ट थांबली तर ती सांगायला किती क्रियापदे आहेत ते बघा. मालिका संपली, म्हणजे कथा पूर्ण झाली. मालिका संपवली, म्हणजे कोणीतरी ठरवून शेवट केला. बंद पडली, म्हणजे पैसे, प्रेक्षक किंवा कलाकार नसल्यामुळे चालेनाशी झाली. बंद केली, म्हणजे चालत होती, वरून हुकूम आला. बंद पाडली, म्हणजे कोणीतरी दबाव आणला. गुंडाळली, म्हणजे चार महिन्यांची गोष्ट चार दिवसांत उरकली. खंड पडला, म्हणजे पुन्हा सुरू होण्याची आशा आहे. ही सात वाक्ये म्हणजे सात वेगवेगळ्या घटना आहेत. प्रत्येकीत कर्ता वेगळा, कारण वेगळे आणि जबाबदारी वेगळी. "ऑफ एअर" म्हटले की सातही एका पोत्यात जातात आणि पोत्याचे तोंड शिवले जाते.

हा शब्द आला कुठून? रेडिओच्या स्टुडिओतून. प्रक्षेपण चालू असले की दारावरचा तांबडा दिवा लागे, "ऑन एअर". दिवा विझला की "ऑफ एअर". म्हणजे लहरी हवेत जात आहेत की नाहीत, एवढेच सांगणारा तो तांत्रिक शब्द. कथा पूर्ण झाली की कापली गेली, हे सांगणे त्याचे कामच नव्हते. आपण मात्र दिव्याची कळ उचलून आणली आणि तिलाच बातमी म्हणू लागलो.

इंग्रजीत तरी तो एकटा नाही, त्याच्या भोवती मोठे कुटुंब आहे. अमेरिकेत मालिका हंगामाने चालते. हंगाम झाला की वाहिनी ठरवते, पुढचा करायचा की नाही. करायचा असेल तर "रिन्यू", नसेल तर "कॅन्सल". हंगामाचा शेवटचा भाग तो "सीझन फिनाले", सगळ्या मालिकेचा शेवटचा भाग तो "सीरिज फिनाले". ब्रिटनमध्ये तर अमेरिकेतल्या एका सीझनलाच "सीरिज" म्हणतात. तिथल्या वाचकाला "कॅन्सल" दिसले की कळते, वाहिनीने तोडली. आपल्याकडची रोजची मालिका हंगामाने चालत नाही. ती सोमवार ते शनिवार वाहत राहते. ई टीव्ही मराठीवरची 'चार दिवस सासूचे' २००१ ते २०१३ अशी चालली आणि तिचे तीन हजारांहून अधिक भाग झाले. तिला कोणता सीझन आणि कसले रिन्यूअल? त्यांची व्यवस्था वेगळी म्हणून त्यांचे शब्द वेगळे. आपण त्यांचा सर्वांत पोकळ शब्द घेतला आणि ज्यातून काही कळते ते तिकडेच ठेवले.

यावर कोणी म्हणेल, "सर, भाषा वाहती असते. तुमचे उर्दू-फारसी शब्द मराठीने घेतलेच ना?" घेतले, आणि उपकार म्हणून नाही, गरज म्हणून घेतले. याच विषयातले शब्द बघा. सुरू, बंद, रद्द, अखेर, कायम, जारी, मुदत, बरखास्त, खलास, हप्ता, हंगाम. सगळे अरबी किंवा फारसीतून आलेले. एखादी गोष्ट चालू राहणे आणि थांबणे यांबद्दल मराठी माणूस दोन वाक्ये बोलला, तर त्यात यातला एक तरी शब्द येतोच. त्यांनी मराठीला बारकावे दिले. "रद्द" म्हणजे ठरलेले मोडले. "बरखास्त" म्हणजे बसलेली सभा उठवली. "मुदत संपली" म्हणजे आधीच ठरलेल्या दिवशी थांबले. "कायम" म्हणजे उभे आहे, हलणार नाही. उसना शब्द घ्यावा की नाही, याची कसोटी इथेच मिळते. तो आल्यावर भाषा जास्त सांगू लागली की कमी? "एपिसोड" आला, चालेल. "टीआरपी" आला, त्या मोजमापाला आपल्याकडे नाव नव्हते, चालेल. "ऑफ एअर" आला आणि आपण कमी सांगू लागलो. तो चालणार नाही.

गंमत अशी की आपल्या शब्दांची झडती घेण्याची परंपरा महाराष्ट्रात जुनी आहे. शिवाजी महाराजांच्या काळात राज्यव्यवहारकोश झाला, त्यात कारभारातल्या फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय दिले गेले. विसाव्या शतकात सावरकरांनी भाषाशुद्धीची चळवळ चालवली. माधव ज्यूलियन यांनी १९२५ साली फार्शी-मराठी कोश केला आणि तेच पुढे भाषाशुद्धीच्या बाजूने उभे राहिले. त्या चळवळीचा रोख इंग्रजी शब्दांवरही होता, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण आजच्या शुद्धीवाल्यांचे काय? व्याख्यानात कोणी "खलास" म्हटले तर त्यांच्या कपाळाला आठी पडते. तेच घरी जाऊन "आमची मालिका ऑफ एअर जातेय हो" म्हणतात आणि आठी पडत नाही. सातशे वर्षे इथल्या मातीत मुरलेला शब्द परका आणि काल आलेला आधुनिक? या न्यायाला भाषाप्रेम म्हणत नाहीत.

आता आमच्या भागाकडे या. नांदूरघाट केज तालुक्यात, केज तालुका बीड जिल्ह्यात, आणि बीड म्हटले की ऊसतोड. दिवाळीच्या आसपास गावेच्या गावे रिकामी होतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाला भरतात. या लोकांकडे हंगामाची पुरी शब्दसंपत्ती आहे. गव्हाणीत मोळी पडली की गाळप सुरू. ऊस संपून गाळप थांबले की "पट्टा पडला". पट्टा पडला म्हणजे काम पुरे झाले, हिशेब करा, घरी चला. कारखाना "बंद पडला" म्हणजे मोडतोड झाली किंवा पैसा संपला. कारखाना "बंद केला" म्हणजे कोणीतरी कुलूप लावले. २०२२ साली मराठवाड्यात मे-जूनपर्यंत ऊस फडात उभा होता. तेव्हा कारखाना चालू राहणार की थांबणार, या एका क्रियापदावर कित्येक घरांचे वर्ष अवलंबून होते. "कारखाना ऑफ गेला" असे कोणी त्या शेतकऱ्याला सांगून बघावे. तो विचारील, "ऑफ म्हणजे? पट्टा पडला का बंद केला?" ज्याच्या पोटाशी गाठ असते त्याला नेमका शब्द लागतो. आणि बघा, मराठी वाहिन्या "नवे पर्व" म्हणतात त्यातल्या "पर्व"चा मूळ अर्थही बोरूचे किंवा वेळूचे पेर, म्हणजे सांधा. उसाला पेरे असतात तशी गोष्टीला पर्वे. आधीचे पेर पुरे झाल्याशिवाय पुढचे फुटत नाही. "सीझन"ला इतका सुंदर शब्द आपल्या फडातच उभा आहे.

उर्दूतही हा फरक जिवापाड जपलेला आहे. रमजानमध्ये तरावीहच्या नमाजेत कुरआन "खत्म" होते, तेव्हा आम्ही मिठाई वाटतो. कारण तिथे खत्म म्हणजे पहिल्या आयतीपासून शेवटच्या आयतीपर्यंत पूर्ण झाले. जे मध्येच राहिले त्याला कोणी खत्म म्हणत नाही, ते "अधूरा". गावातल्या हरिनाम सप्ताहातही तसेच. काल्याचे कीर्तन झाले की सप्ताहाची सांगता झाली. पावसाने मंडप उडाला आणि पाचव्या दिवशी थांबावे लागले, तर त्याला सांगता म्हणत नाहीत. उर्दू रिसाल्यात कादंबरीची किस्त संपली की खाली "बाक़ी आइंदा" लिहिलेले असते, मराठी मासिकात "क्रमशः". हे दोन्ही शब्द वाचकाला दिलेले वचन आहेत. दूरदर्शनचा जुना काळ आठवा. चित्र गेले की पडद्यावर पाटी यायची, "व्यत्यय". कार्यक्रम संपलेला नाही, अडथळा आला आहे, थांबा. सरकारी खाते असूनही त्यांना एवढा फरक कळत होता.

त्याच काळातले उदाहरण घ्या. १९८७ साली सुरू झालेले 'रामायण' बावन्न भागांचे ठरले होते. ते वाढत अठ्ठ्याहत्तर भागांवर गेले आणि ३१ जुलै १९८८ ला थांबले. पण वाल्मीकींचे उत्तरकांड त्यात नव्हते. ते दाखवावे म्हणून उत्तर भारतात सफाई कामगारांनी संप केला आणि पुढची कथाही पडद्यावर आली. त्या लोकांचे म्हणणे एका वाक्याचे होते: तुम्ही थांबवली, कथा संपलेली नाही. संपणे आणि थांबवणे यांतला फरक त्यांना ठाऊक होता, म्हणून ते मागणी करू शकले. हातात फक्त "ऑफ एअर" असते, तर मागणी कशाची करणार?

मग या शब्दाचा फायदा कोणाला? ठरवणाऱ्याला. मालिका बंद करायचा निर्णय वाहिनीच्या कार्यालयात होतो, तिथे टीआरपीचा तक्ता समोर असतो. हे आकडे देणारी बार्क ही संस्था. तिने ग्रामीण भागाचे आकडे द्यायला सुरुवात केली ती ऑक्टोबर २०१५ मध्ये. त्याआधीच्या मोजणीत आमच्यासारखी खेडी धरलेलीच नव्हती. आजही मीटर निवडक घरांतच असतो आणि त्यावरून कोट्यवधींची आवड ठरते. तरी "प्रेक्षकांनी पाठ फिरवली" असे लिहिले जाते. कोणत्या प्रेक्षकांनी? हा प्रश्न विचारायला आधी वाक्यात कर्ता लागतो. मालिका बंद होते तेव्हा सेटवरचे लाइटमन, स्पॉटबॉय, रंगभूषा करणारे, ज्यांचे पोट रोजंदारीवर आहे, त्यांचा रोज बुडतो. "बंद केली" म्हटले की ही माणसे वाक्याच्या आसपास तरी दिसतात. "ऑफ एअर गेली" म्हटले की जणू वाऱ्याने उडून गेली.

आणि हा दोष केवळ इंग्रजीचा आहे, असेही मी म्हणणार नाही. "मालिका प्रेक्षकांचा निरोप घेणार" हे वाक्य शुद्ध मराठीत आहे, आणि तितकेच लबाड आहे. मालिका कशी निरोप घेईल? तिला घालवले जाते. 'चला हवा येऊ द्या' २०२४ च्या मार्चमध्ये थांबला, तेव्हा निरोपाच्या कितीतरी बातम्या झाल्या. २०२५ च्या जुलैमध्ये तो नव्या रूपात परत आला. मग तो निरोप होता की खंड? तेव्हा संस्कृत, फारसी की इंग्रजी हा माझा झगडाच नाही. शब्द खरे सांगतो की झाकतो, एवढेच मी बघतो.

मालिकेवरून एवढा गदारोळ कशाला, असे वाटेल. कारण मुले भाषा तिथून उचलतात आणि मग तीच भाषा सगळीकडे वापरतात. २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांबद्दल "समूह शाळा" हा शब्द आला. वाडीवरच्या आईसाठी त्याचा अर्थ एकच निघतो: आमच्या वाडीची शाळा बंद करणार. कामगाराला "ब्रेक" देतात, एसटीची फेरी "तात्पुरती स्थगित" होते, रेशनवरचे नाव "ऑनलाइन दिसत नाही". सगळीकडे क्रिया आहे, कर्ता नाही. "गेली" एवढ्यावर समाधान मानायला शिकलेला मुलगा उद्या आपली शाळा गेली, आपली फेरी गेली, एवढेच म्हणेल. कोणी नेली, हे विचारणार नाही.

म्हणून माझे म्हणणे साधे आहे. बातमी लिहिणाऱ्यांनी संपली, संपवली, बंद पडली, बंद केली यांतला खरा शब्द निवडावा. ठाऊक नसेल तर वाहिनीला विचारावे, तेच तर त्यांचे काम. मराठीच्या आणि उर्दूच्या शिक्षकांनी प्रयोजक क्रियापदाचा धडा पुस्तकातल्या "बसणे-बसवणे" वर न संपवता मुलांच्या आवडत्या मालिकेवर घ्यावा. आणि वाचकहो, पुढच्या वेळी "ऑफ एअर जाणार" हे वाचाल, तेव्हा एकच शब्द मोठ्याने म्हणा: कोणी?