भूगर्भातील धन आणि मौनाची मुदत

पायाळू माणसाच्या डोळ्यांत अंजन घातले असता त्यास भूमिगत धन दिसते, अशी समजूत आपल्या खेड्यापाड्यांतून पिढ्यानुपिढ्या चालत आली आहे. परंतु जे धन माणसाने नव्हे तर निसर्गाने पुरले, त्याच्या शोधास अंजन पुरत नाही, तेथे खडकाचा पूर्वेतिहास वाचावा लागतो, आणि तो वाचल्यावर जे कळले त्यावर हक्क कोणाचा, हा बिकट प्रश्न पुढे उभा राहतो.

कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतात टिमिन्स नगराजवळ किड क्रीक ही तांब्या-जस्ताची खाण आहे. सुमारे २७० कोटी वर्षांपूर्वी तेथे समुद्र होता व त्याच्या तळाशी ज्वालामुखी धगधगत होते. तळाच्या भेगांतून झिरपलेले खारे पाणी शिलारसाच्या सान्निध्याने तापावे, त्याने वाटेतील खडकांतून तांबे, जस्त व रुपे विरघळवून घ्यावे, आणि तेच पाणी उसळून थंड सागरजलास भिडताच त्यातील धातूंनी गंधकाशी संयुक्त होऊन तळाशी थरावर थर रचावे, असा हा क्रम होता. १९७९ साली पॅसिफिक महासागराच्या तळाशी उतरलेल्या ‘आल्विन’ पाणबुडीतून संशोधकांनी सुमारे ३५० अंश सेल्सिअस तपमानाचे काळे पाणी ओकणारी धुराडी पाहिली, तेव्हा हाच क्रम जिवंत स्वरूपात दृष्टीस पडला. आपला सह्याद्रीही ज्वालामुखीचेच अपत्य. परंतु दख्खनचा लाव्हा मुख्यत्वे उघड्या भूमीवर पसरल्यामुळे सागरजलाचे हे अभिसरण त्याच्या वाट्यास आले नाही.

किड क्रीकचे थर कालांतराने नव्या खडकांखाली गाडले गेले, भूकवचाच्या हालचालींनी कलून उभे झाले, आणि अखेर माती व दलदलीने झाकले गेले. तथापि गंधकयुक्त धातुके विद्युद्वाहक असल्यामुळे आकाशातून सोडलेल्या विद्युच्चुंबकीय लहरींना ती प्रतिसाद देतात. टेक्सास गल्फ सल्फर या कंपनीने १९५९ साली १५,००० चौरस मैलांहून अधिक मुलूख अशा रीतीने पाहिला, तेव्हा शेकडो ठिकाणी असे संकेत उमटले. पण असा संकेत ग्रॅफाइटही देतो, म्हणून निवाडा शेवटी भोक पाडल्यावाचून होत नाही. किड क्रीक येथे नोव्हेंबर १९६३ मध्ये पाडलेल्या ६५५ फुटांच्या पहिल्याच भोकातून विपुल जस्त व तांबे हाती आले.

कंपनीने ही वार्ता गुप्त ठेवून भोवतालच्या जमिनीचे हक्क मिळवले. मात्र त्याच अवधीत तिच्या काही अधिकाऱ्यांनी व माहीतगारांनी तिचे शेअर खरेदी केले, आणि १२ एप्रिल १९६४ रोजी शोधाच्या वदंतांवर पाणी ओतणारे निवेदन काढणाऱ्या कंपनीने चारच दिवसांनी किमान अडीच कोटी टन धातुकाची घोषणा केली. अमेरिकेच्या अपील न्यायालयाने १९६८ साली निर्णय दिला, की ज्याच्यापाशी अशी अप्रकट माहिती आहे त्याने ती उघड करावी अथवा शेअरबाजारातील व्यवहारापासून दूर राहावे. जमिनीचे हक्क मिळेपर्यंत पाळलेले मौन न्यायालयाने दोषार्ह मानले नाही. त्या मौनाच्या आडोशाने केलेली कमाई दोषार्ह मानली.

हा भेद आज आपणांस उपयोगी आहे. २०२३ च्या दुरुस्तीने भारताच्या खनिज कायद्यात तांबे, जस्त, सोने आदि खोलवरच्या खनिजांसाठी स्वतंत्र अन्वेषण परवान्याची तजवीज झाली असून खाजगी शोधकांना वाट मोकळी झाली आहे. जो पदरचा पैसा घालून जोखीम पत्करतो त्यास काही काळ मौनाचा अधिकार असणे न्याय्यच आहे; पण त्या मौनास मुदत हवी. ऑन्टारिओत खनिजक्षेत्रावरील आपला दावा कायम राखू इच्छिणाऱ्याला केलेल्या कामाचा अहवाल सरकारदरबारी दाखल करावा लागतो व तो पुढे सर्वांस पाहता येतो. आपणही मुदत सरताच प्रत्येक भोकाची नोंद आणि त्यातून निघालेला खडकाचा नमुना सार्वजनिक दप्तरी जमा करून घ्यावा, मग ते भोक रिते निघालेले का असेना. कारण आजच्या निष्फळ भोकातील खडकाच्या बदललेल्या रंगावरून उद्याचा शोधक साठ्याची दिशा ताडू शकतो. खनिज राष्ट्राचे आहे असे म्हणणाऱ्या शासनाने त्याविषयीचे ज्ञानही राष्ट्राचे आहे, हे परवान्याच्या अटींत लिहून घेतले पाहिजे, आणि त्या अटीची अंमलबजावणीही केली पाहिजे.