एका तेलासाठी दुसरे तेल

डिसेंबर २०२३ चा पहिला आठवडा. गाळप हंगाम सुरू झालेला आणि दिल्लीहून फर्मान आले: उसाच्या रसापासून इथेनॉल बनवू नका. पावसाने दगा दिला होता, साखर कमी पडण्याची धास्ती होती. कर्ज काढून डिस्टिलऱ्या उभारलेले कारखानदार हबकले. आठवडाभरात १७ लाख टन साखरेपुरती मुभा मिळाली खरी, पण पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉलचे लक्ष्य जागेवरच होते. उसाची जागा मक्याने घेतली.

मक्याच्या इथेनॉलला लिटरमागे ७१ रुपये ८६ पैसे, उसाच्या रसाच्या इथेनॉलला ६५ रुपये ६१ पैसे. टनभर मक्यातून सुमारे ३८० लिटर इथेनॉल निघते. कोंबडीखाद्यातही निम्म्याहून अधिक मकाच असतो. डिस्टिलऱ्यांपुढे पोल्ट्रीवाल्यांची बोली तोकडी पडू लागली. एरवी मका निर्यात करणारा देश २०२४ मध्ये म्यानमार, युक्रेनहून तो आणू लागला. मका पिकवणाऱ्याला चार पैसे मिळाले, याबद्दल कुणी कुरकुरू नये. त्याच्या वाट्याला ते क्वचितच येतात.

दुखणे शेजारच्या बांधावर आहे. मक्यातला स्टार्च इथेनॉलमध्ये गेला की प्रथिनयुक्त चोथा उरतो. व्यापारी त्याला डीडीजीएस म्हणतात. तो सोयापेंडीपेक्षा स्वस्त, म्हणून पशुखाद्यवाल्यांनी पेंडीची खरेदी आवरती घेतली. पेंड पडून राहिली की सोयाबीनलाही उठाव राहत नाही. २०२४ च्या हंगामात हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये असताना मराठवाडा-विदर्भातल्या बाजार समित्यांत सोयाबीन चार हजारांच्या आसपास विकले गेले. जागतिक बाजारातही भाव मंदीत होतेच. चोथ्याने त्यात भर घातली. पुढच्या खरिपात देशातले सोयाबीनचे क्षेत्र घटले, मक्याचे वाढले. शेतकऱ्याने सरकारी दरपत्रक बरोबर वाचले होते.

गंमत अशी की, हा देश खाद्यतेलाची निम्म्याहून अधिक गरज आयातीवर भागवतो. वर्षाला सुमारे १६० लाख टन. खनिज तेलाचे डॉलर वाचवण्यासाठी तेलबियांचे रान मक्याला द्यायचे आणि कढईसाठी पुन्हा डॉलरच मोजायचे! त्यातही मोठा वाटा पामतेलाचा. ते पुरवणाऱ्या इंडोनेशियाने २०२५ मध्ये डिझेलमध्ये ४० टक्के पाम-बायोडिझेल सक्तीचे केले. तिथली टाकी आणि इथली कढई आता एकाच पिंपाला नळ लावून बसल्या आहेत.

मळीपासून, सडक्या धान्यापासून इथेनॉल जरूर व्हावे. पण धान्याच्या इथेनॉलचा दर ठरवताना सोयाबीनचा आणि कोंबडीखाद्याचा हिशेब त्याच टेबलावर मांडला पाहिजे, आणि टंचाईच्या वर्षी मिश्रणाचे प्रमाण खाली आणण्याची तरतूद धोरणातच हवी. इथेनॉलवर गाड्या चालवण्यात मुरलेल्या ब्राझीलने ऊस कमी पडल्यावर ऑक्टोबर २०११ मध्ये मिश्रण २५ टक्क्यांवरून २० वर आणले होते.